रेकॉर्ड केलेला प्रिंट मॅक्रो सुटसुटीत कसा करायचा: आंब्याच्या यादीचं उदाहरण घेऊन

मॅक्रो म्हणजे एकदा करून दाखवलेलं काम टिपून ठेवून एक्सेलकडून पुन्हा करून घ्यायची सोय. मार्चमध्ये यादी वीस-पंचवीस नावांची असते तेव्हा एक्सेलचा रेकॉर्ड केलेला मॅक्रो नीट छापतो. एप्रिलच्या मध्यावर माल वाढला की तोच मॅक्रो शेवटची नावं सोडून देतो, नाहीतर 'शेरा'चा एकटा कॉलम दुसऱ्या पानावर ढकलतो. मशीन बदललं तर कागदाचा आकारही बदलतो. मग कुणी प्रिंटरला दोष देतं, कुणी मॅक्रो पुसून पुन्हा रेकॉर्ड करतं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

दोष रेकॉर्डिंगच्या स्वभावात आहे. तुम्हाला काय छापायचं आहे हे रेकॉर्डरला कळत नाही. त्या दिवशी, त्या मशीनवर, त्या प्रिंटरला जोडून जे जे होतं ते सगळं तो उतरवून ठेवतो. चाळीसच्या वर ओळी तयार होतात आणि त्यातल्या डझनभरच कामाच्या असतात. त्यामुळे रेकॉर्डिंग ही कामाची सुरुवात धरायची. खरं काम नंतरचं: नको त्या ओळी काढायच्या आणि जे रोज बदलतं तेवढंच मॅक्रोवर सोपवायचं.

उदाहरणासाठी देवगड तालुक्यातल्या एका आंबा शेडची यादी घेऊ. रोज संध्याकाळी गाडी वाशीला निघते. गाडीबरोबर एक प्रत, दलालाला एक, शेडवर एक. कॉलम आठ: अनुक्रमांक, बागायतदार, गाव, मार्का, पेट्या, डझन, प्रत (म्हणजे आंब्याचा दर्जा), शेरा. म्हणजे ए पासून एच पर्यंत. होमस्टेची बिलं, मच्छीच्या लिलावाचा रोजचा हिशोब किंवा पतसंस्थेची वसुली यादी असेल तरी टप्पे हेच राहतील.

हे सगळं विंडोजवरच्या एक्सेलसाठी आहे. मोबाइलवरच्या किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत. आणखी एक. कोडमधले, म्हणजे मॅक्रोच्या आत लिहिलेल्या ओळींमधले, शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. तुमच्या संपादकात, म्हणजे या ओळी जिथे दिसतात त्या खिडकीत, ते इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायचे आहेत. बहुतेक शब्द रेकॉर्डरने आधीच लिहून दिलेले असतील, त्यामुळे नव्याने टाइप करण्यासारखं फार थोडं उरतं.

## टप्पा १: कागद, प्रिंटर आणि फाइल आधी जागेवर आणा

मॅक्रोला हात लावायच्या आधी हे उरकून घ्या. हा टप्पा गाळल्यामुळे पुढे तासन् तास जातात.

१. फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि काम प्रतीवर करा. मॅक्रो चालला की आधीच्या कामाचं 'अनडू' पुसलं जातं. कंट्रोल आणि झेड दाबून मागे येता येत नाही.

२. फाइल एक्सएलएसएम प्रकारात सेव्ह करा. साध्या एक्सएलएसएक्स प्रकारात मॅक्रो राहत नाही. सेव्ह करताना एक्सेल तसं विचारतं, पण घाईत 'यस' दाबलं जातं आणि मॅक्रो जातो.

३. विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमध्ये डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने स्वतः सांभाळावा असा एक पर्याय असतो. तो बंद करा. तो चालू असेल तर शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तोच डिफॉल्ट होतो. दुपारी कुणी पीडीएफ काढली असेल, तर संध्याकाळी यादी कागदावर न येता फाइलचं नाव विचारणारी चौकट उघडते.

४. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये कागद ए-४ आहे का बघा. ए-४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. बऱ्याच मशीनवर लेटर आकार ठेवलेला असतो, तो २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. उंचीतला हा साडेसतरा मिलिमीटरचा फरक म्हणजे यादीच्या दोन-तीन ओळी. एका मशीनवर एका पानात बसलेली यादी दुसऱ्या मशीनवर पुढच्या पानावर जाते ती बऱ्याचदा यामुळे.

किनाऱ्यावरच्या हवेत कागद ओल धरतो. रीम उघडी ठेवली की कागद वळतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, आणि मॅक्रोने बरोबर पाठवलेली यादीसुद्धा वाकडी छापली जाते. लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये घाला, बाकीचे पिशवीत घट्ट बांधून ठेवा.

तपासा: हाताने, मॅक्रोशिवाय, एक पान छापून बघा. ते नीट येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: शीट मॅक्रोला सोपं जाईल असं मांडा

मथळा, तारीख, गाडीचा नंबर आणि कॉलमची नावं पहिल्या चार ओळींत बसवा. पाचव्या ओळीपासून माल.

एकूण पेट्यांची बेरीज खाली ठेवायची सवय मोडा. ती वर, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत न्या. बेरीज खाली असली की रोज नवी ओळ घालताना ती सरकवावी लागते, मध्ये रिकामी ओळ राहते, आणि शेवटची ओळ कुठली हे मॅक्रोला नेमकं कळत नाही. शिवाय एकूण पेट्या किती हे गाडीवाल्याला कागद हातात घेताच दिसायला हवं.

प्रत्येक नोंदीत नक्की भरलेला असतो असा एक कॉलम निवडा. आपल्या यादीत तो 'बागायतदार', म्हणजे दुसरा. अनुक्रमांक निवडू नका. तो बहुतेक वेळा सूत्राने पाचशे ओळींपर्यंत आधीच ओढून ठेवलेला असतो. सूत्राचं उत्तर कोरं दिसत असलं तरी एक्सेलच्या लेखी तो सेल रिकामा नसतो. मग मॅक्रो पाचशे ओळी धरतो आणि कोरी पानं बाहेर येत राहतात.

अक्षरासाठी निर्मला यूआय किंवा मंगल यापैकी एक फाँट पूर्ण शीटला द्या. दोन्ही युनिकोडचे आहेत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली यादी दुसऱ्या मशीनवर तो फाँट नसेल तर वाचताच येत नाही, आणि त्याला मॅक्रो काही करू शकत नाही. ओळींची उंची हाताने एकसारखी ठरवून द्या, अकराच्या अक्षराला साधारण वीस. उंची एक्सेलवर सोडली तर कधी वरची वेलांटी कापली जाते, कधी खालचा उकार. 'कुणकेश्वर'चा उकार छपाईत गेला तर गाव ओळखता येतं, पण दोन मार्क्यांत फरकच उकाराचा असेल तर माल चुकीच्या नावावर जातो.

## टप्पा ३: रेकॉर्ड करा, पण थोडकंच

डेव्हलपर टॅब दिसत नसेल तरी अडत नाही. व्ह्यू टॅबमध्ये अगदी उजवीकडे मॅक्रोज आहे, त्यात रेकॉर्ड मॅक्रो.

१. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. 'यादीप्रिंट' असं काहीतरी.

२. मॅक्रो कुठे साठवायचा या प्रश्नाला 'धिस वर्कबुक' निवडा. पर्सनल मॅक्रो वर्कबुक निवडलंत तर मॅक्रो त्या मशीनवरच राहतो. फाइल दुसरीकडे नेल्यावर तो तिच्यात नसतो.

३. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच यादीच्या शीटवर उभे राहा. रेकॉर्डिंगमध्ये शीट बदलू नका, स्क्रोल करू नका. स्क्रोलची प्रत्येक हालचालसुद्धा ओळ बनून कोडमध्ये बसते.

४. आता क्रमाने: ए १ पासून यादीच्या शेवटापर्यंतचा भाग निवडा, पेज लेआउटमध्ये प्रिंट एरिया, सेट प्रिंट एरिया. मग पेज सेटअपची चौकट उघडा. कागद ए-४, पान उभं. स्केलिंगमध्ये 'फिट टू' निवडा, रुंदी १ पान, उंचीची चौकट रिकामी. मार्जिन चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर. शीट टॅबमध्ये 'रोज टु रिपीट ॲट टॉप'साठी पहिल्या चार ओळी. ओके.

५. फाइल, प्रिंट, एक प्रत. मग स्टॉप रेकॉर्डिंग.

सावधान: उंचीच्या चौकटीत १ ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मार्चच्या छोट्या यादीला ते छान दिसतं. मे महिन्यात सव्वाशे नावं त्याच एका पानात कोंबली जातात आणि पेट्यांचे आकडे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत.

मार्जिन शून्याजवळही नेऊ नका. घरगुती आणि दुकानातले बहुतेक प्रिंटर कागदाच्या कडेच्या काही मिलिमीटरमध्ये छापूच शकत नाहीत. तिथे आलेला मजकूर कापला जातो.

## टप्पा ४: शीटच्या मराठी नावाचा बंदोबस्त

मराठीत काम करणाऱ्यांना हा टप्पा सगळ्यात जास्त छळतो, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तो सापडत नाही.

ऑल्ट आणि एफ-११ दाबा. कोडचा संपादक उघडेल. या संपादकाला देवनागरी लिहिता-वाचता येत नाही. शीटच्या टॅबवर तुम्ही 'आजची यादी' असं नाव दिलं असेल तर इथे त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. ही नुसती दिसण्याची अडचण नाही. कोडमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेलेली असतात. प्रश्नचिन्हं नावाचं शीट फाइलमध्ये नाही, म्हणून मॅक्रो त्रुटी क्रमांक ९ दाखवून थांबतो.

पानाच्या हेडरमध्ये शेडचं नाव मराठीत लिहिलं असेल तर प्रकार आणखी वाईट. मॅक्रो थांबत नाही. हेडरमधलं चांगलं मराठी नाव पुसून त्या जागी प्रश्नचिन्हं भरतो, आणि फाइल सेव्ह झाली की ती कायमची तशीच राहतात. हेडर पुन्हा-पुन्हा हाताने दुरुस्त करूनही रोज बिघडतं त्याचं कारण हे.

उपाय असा:

१. संपादकात डावीकडे शीटांची यादी दिसते. नसेल तर कंट्रोल आणि आर दाबा. प्रत्येक शीटला दोन नावं असतात. कंसातलं नाव टॅबवरचं, आणि कंसाच्या आधीचं 'शीट१' हे आतलं नाव.

२. आपल्या यादीच्या शीटवर क्लिक करून एफ-४ दाबा. खाली गुणधर्मांची चौकट येते. सगळ्यात वर कंसात लिहिलेला 'नेम' आहे, तो आतल्या नावाचा. खाली बिनकंसाचा आणखी एक 'नेम' दिसेल, तो टॅबचा. त्याला हात लावू नका. कंसातल्या 'नेम'मध्ये इंग्रजी अक्षरांत 'यादीशीट' लिहा.

३. कोडमध्ये जिथे जिथे 'ॲक्टिव्हशीट' आहे तिथे 'यादीशीट' करा. शीट निवडणाऱ्या, 'सिलेक्ट'ने संपणाऱ्या ओळी काढून टाका.

याचे दोन फायदे. टॅबचं मराठी नाव कुणी बदललं तरी मॅक्रोला फरक पडत नाही. आणि बटण दाबताना दुसरंच शीट उघडं असलं तरी यादीच छापली जाते.

हेडरमध्ये मराठी मजकूर ठेवूच नका असं माझं मत आहे. शेडचं नाव पहिल्या ओळीतल्या सेलमध्ये लिहा. पहिल्या चार ओळी प्रत्येक पानावर येणारच आहेत. हेडरच हवा असेल तर मजकूर कोडमध्ये न लिहिता सेलमधून उचला: सेंटरहेडर = यादीशीट.सेल्स(१, १).व्हॅल्यू. सेलमधलं मराठी या वाटेने सुखरूप जातं, कारण ते संपादकात टाइप होत नाही.

सावधान: आतलं नाव त्या एकाच शीटला चिकटलेलं असतं. रोज शीटची कॉपी काढून कॉपीवर लिहायची पद्धत असेल, तर कॉपीला आतलं नाव वेगळं मिळतं आणि मॅक्रो कालचीच यादी छापत राहतो. म्हणून उलट करा. संध्याकाळी छपाई झाली की शीटची कॉपी काढून तिला तारखेचं नाव द्या, ती जुनी नोंद. मूळ शीटमधला माल पुसा आणि उद्याची यादी मूळ शीटवरच लिहा.

## टप्पा ५: ओळी काढा

आता कोड वरपासून वाचा. पेजसेटअपचा गठ्ठा 'विथ'ने सुरू होऊन 'एंड विथ'वर संपतो. मधली प्रत्येक ओळ टिंबाने सुरू होते. असे दोन गठ्ठे असतील, मध्ये प्रिंटएरियाची एक सुटी ओळ, आणि वर-खाली 'ॲप्लिकेशन.प्रिंटकम्युनिकेशन'च्या ओळी.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. ओळ काढली म्हणजे ती सेटिंग रद्द होत नाही. पानाच्या सेटिंग फाइलमध्ये, त्या शीटबरोबर साठवलेल्या असतात. ओळ काढली की फक्त मॅक्रो त्या सेटिंगला हात लावायचं थांबवतो. म्हणून तळाचा पान क्रमांक वगैरे हाताने एकदा लावा, आणि त्याच्या ओळी कोडमधून निर्धास्तपणे काढा.

ठेवायच्या ओळी: प्रिंटटायटलरोज (पहिल्या चार ओळी), चार बाजूंचे मार्जिन, ओरिएंटेशन, पेपरसाइझ, झूम, फिटटूपेजेसवाइड, फिटटूपेजेसटॉल. आणि प्रिंटएरिया, जी पुढच्या टप्प्यात बदलायची आहे. तिची सुटी ओळ सध्या आहे तशी असू द्या.

काढायच्या ओळी: हेडर आणि फुटरच्या सगळ्या (सेलमधून उचलणारी सेंटरहेडरची ओळ घातली असेल तर ती सोडून), ईव्हनपेज आणि फर्स्टपेजच्या सगळ्या, प्रिंटहेडिंग्ज, प्रिंटकॉमेंट्स, ड्राफ्ट, ऑर्डर, फर्स्टपेजनंबर, प्रिंटएरर्स, ब्लॅकअँडव्हाइट, आणि स्क्रोलच्या ओळी.

यातल्या काहींबद्दल थोडं सविस्तर.

प्रिंटक्वालिटी ही ओळ आधी शोधा आणि आधी काढा. तिथे बहुधा ६०० लिहिलेलं असतं. ज्या प्रिंटरला तो आकडा मान्य नाही त्याच्यावर मॅक्रो त्रुटी क्रमांक १००४ देऊन तिथेच थांबतो. 'शेडवर चालतो, घरी चालत नाही' यामागे बहुतेक हीच ओळ निघते.

ॲक्टिव्हप्रिंटर. रेकॉर्डिंग करताना प्रिंटर बदलला असेल तर प्रिंटरचं नाव आणि पोर्ट कोडमध्ये बसतं. दुसऱ्या मशीनवर ते नाव नसतं, आणि त्याच मशीनवरही पोर्ट बदलू शकतो. ओळ काढा, डिफॉल्ट प्रिंटर विंडोजमधून ठरवा.

प्रिंटकम्युनिकेशन. ही सोय एक्सेल २०१० पासून आहे. फॉल्स केलं की सेटिंग साठवून ठेवल्या जातात, ट्रू केलं की एकदम प्रिंटरकडे जातात. ओळी चाळीस होत्या तेव्हा तिचा उपयोग होता. आता डझनभरच उरल्यात, म्हणून चारही ओळी काढा. एक काढून एक ठेवणं मात्र धोक्याचं. फॉल्स राहिलं आणि शेवटचं ट्रू गेलं तर सेटिंग लागूच होत नाहीत, आणि त्रुटीही दिसेल याची खात्री नाही.

झूम. इथे 'फॉल्स' हवं. १०० किंवा दुसरा कुठलाही आकडा असेल तर खालच्या दोन्ही फिटच्या ओळींकडे एक्सेल दुर्लक्ष करतं. फिटटूपेजेसवाइड १ आणि फिटटूपेजेसटॉल फॉल्स. रेकॉर्डरने तिथे शून्य लिहिलं असेल तर फॉल्स करा, वाचणाऱ्याला अर्थ लगेच कळतो. फिट वापरताना हाताने घातलेले पेज ब्रेक एक्सेल मानत नाही, हे लक्षात असू द्या. गावानुसार पान तोडायचं असेल तर फिटऐवजी ठरावीक टक्केवारीचा झूम घ्यावा लागतो.

मार्जिनच्या ओळीत ०.५९०५५... असा लांबलचक आकडा असेल. तो चुकलेला नाही, दीड सेंटिमीटरचे इंच झालेत. वाचायला सोपं हवं असेल तर 'इंचेसटूपॉइंट्स'च्या जागी 'सेंटिमीटर्सटूपॉइंट्स' लिहून कंसात १.५ घाला. शब्द बदलला आणि आकडा तसाच ठेवला, तर मार्जिन अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास येईल.

दोन गठ्ठ्यांत उरलेल्या ओळी एकाच 'विथ यादीशीट.पेजसेटअप' आणि 'एंड विथ'मध्ये आणा.

तपासा: जितके 'विथ', तितकेच 'एंड विथ'. डीबग मेनूतला पहिला पर्याय, कंपाइल, दाबून बघा. काही न बोलता परत आला म्हणजे जोडणी बरोबर आहे.

## टप्पा ६: शेवटची ओळ मॅक्रोलाच शोधू द्या

रेकॉर्डरने प्रिंटएरिया एका ठरावीक चौकोनावर बांधलेला असतो. समजा त्या दिवशी यादी ४२ ओळींची होती, तर तो कायम ४२ च छापणार. 'ताई, पडेल गावच्यांची नावं यादीत नाहीत' असा फोन येतो तो या आकड्यामुळे. नावं शीटवर असतात, कागदावर नसतात.

१. कोडच्या पानाच्या अगदी वर, सगळ्या मॅक्रोंच्या आधी, 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' असं लिहा. यामुळे शब्दात एका अक्षराची चूक झाली तरी संपादक थांबवून दाखवतो.

२. 'सब यादीप्रिंट()' या ओळीखाली: डिम लास्टरो ॲज लाँग.

३. त्याखाली: इफ यादीशीट.फिल्टरमोड देन यादीशीट.शोऑलडेटा. फिल्टर लावलेला राहिला असेल तर लपलेल्या ओळी छापल्या जात नाहीत, आणि शेवटची ओळही चुकीची धरली जाते. गाडीच्या यादीत एकही नाव गळून चालत नाही, म्हणून फिल्टर आधी काढायचा.

४. त्याखाली: लास्टरो = यादीशीट.सेल्स(रोज.काउंट, २).एंड(एक्सएलअप).रो. अर्थ असा की दुसऱ्या कॉलमच्या तळाशी जा, तिथून वर येत पहिला भरलेला सेल गाठ, त्याच्या ओळीचा क्रमांक घे.

५. त्याखाली: इफ लास्टरो < ५ देन एक्झिट सब. यादी रिकामी असताना बटण दाबलं गेलं तर नुसत्या मथळ्याचं पान वाया जात नाही.

६. आता प्रिंटएरियाची सुटी ओळ 'विथ'च्या गठ्ठ्यात आणा, टिंबापासून पुढची. अवतरणातला ४२ खोडा. त्याच्या आधीचं $ चिन्ह आणि अवतरण बंद करणारी खूण राहू द्या. खुणेनंतर एक जागा, & हे चिन्ह, पुन्हा एक जागा, आणि लास्टरो.

स्पेलिंगची शंका आली तर रेकॉर्डरलाच विचारा. वेगळा छोटा मॅक्रो रेकॉर्ड करा, कंट्रोल आणि वरचा बाण दाबा, थांबवा. 'एंड' आणि 'एक्सएलअप' हे शब्द त्यात लिहून मिळतील, तिथून उचला. नवी ओळ टाइप करताना सगळी अक्षरं लहान लिपीतली ठेवा. एंटर दाबल्यावर एक्सेलच्या ओळखीच्या शब्दांतली योग्य अक्षरं आपोआप मोठी होतात. एखादा शब्द लहानच राहिला तर तो पुन्हा वाचा. 'यादीशीट' लिहून टिंब दिलं की पुढच्या शब्दांची यादीही उघडते. 'ॲक्टिव्हशीट'नंतर ती उघडत नाही.

## टप्पा ७: छापण्याची एकच ओळ

रेकॉर्डरने शेवटी 'ॲक्टिव्हविंडो.सिलेक्टेडशीट्स.प्रिंटआउट' असं लिहिलेलं असतं. चुकून दोन शीटं एकत्र निवडलेली असतील तर दोन्ही छापली जातात. दुसऱ्या शीटवर दलालाचे दर किंवा उचल लिहिलेली असेल तर तो कागद गाडीबरोबर जायला नको.

त्या जागी 'यादीशीट.प्रिंटआउट' करा. पुढचे कॉपीज आणि कोलेट तसेच राहू द्या, कॉपीजचा आकडा ३ करा. कोलेट ट्रू असलं की पहिली प्रत पूर्ण, मग दुसरी, मग तिसरी अशा येतात आणि पानं जुळवत बसावं लागत नाही. इग्नोरप्रिंटएरियाज फॉल्सच हवं, नाहीतर सहाव्या टप्प्याची मेहनत फुकट.

चाचणी संपेपर्यंत मात्र 'प्रिंटआउट' न लिहिता 'यादीशीट.प्रिंटप्रिव्ह्यू' एवढंच लिहा. कागद वाचतो.

सावधान: तारीख फुटरमध्ये एक्सेलच्या तारखेच्या कोडने टाकू नका. ती छापल्याच्या दिवसाची तारीख असते. लाइट गेली आणि यादी दुसऱ्या दिवशी छापली तर कागदावर माल उद्याचा दिसतो. मालाची तारीख सेलमध्ये हाताने लिहा.

## टप्पा ८: चाचणी, कागद न घालवता

आधी एफ-८ ने एकेक ओळ चालवा. पिवळी पट्टी पुढे सरकत जाते. लास्टरोची ओळ ओलांडल्यावर त्या शब्दावर माउस नेला की आकडा दिसतो. शीटवरच्या शेवटच्या नावाची ओळ तीच आहे का बघा.

मग एफ-५ ने पूर्ण चालवून ही परिस्थिती मुद्दाम तयार करून बघा:

- यादीत तीनच नावं.
- यादीत सव्वाशे नावं. प्रत्येक पानावर चार ओळींचा मथळा येतो का?
- गावाच्या कॉलमला फिल्टर लावलेला.
- दुसरंच शीट उघडं असताना.
- पेज सेटअपमध्ये कुणीतरी पान आडवं करून ठेवलेलं.
- यादी पूर्ण रिकामी.

सव्वाशे नावांची चाचणी टाळू नका. बाकीच्या चुकांनी कागद वाया जातो, या चुकीने बागायतदाराचा माल यादीबाहेर राहतो.

तपासा: प्रिव्ह्यूमधल्या शेवटच्या पानावरचा शेवटचा अनुक्रमांक आणि शीटवरचा शेवटचा अनुक्रमांक एकच हवा.

## टप्पा ९: बटण, आणि दुसऱ्या मशीनवर नेणं

डेव्हलपर टॅबमधून बटण घाला आणि मॅक्रो जोडा. हे बटण 'जे' या अक्षराच्या कॉलमच्या पुढे, प्रिंटएरियाच्या बाहेर ठेवा. बटणाऐवजी रंगीत आकार वापरला असेल आणि तो यादीवरच येत असेल, तर त्याच्या गुणधर्मांत 'प्रिंट ऑब्जेक्ट'ची खूण काढा.

दुसऱ्या मशीनवर फाइल पेन ड्राइव्हने नेली तर सहसा अडचण येत नाही. मेलवरून किंवा इंटरनेटवरून उतरवली तर वर लाल पट्टी येऊन मॅक्रो अडवले जातात. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने हे कडक केलं आहे. फाइल बंद करा, तिच्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, तळाशी 'अनब्लॉक'ची खूण, ओके, मग उघडा. हे फक्त स्वतःच्या किंवा खात्रीच्या माणसाने दिलेल्या फाइलसाठी. सगळेच मॅक्रो चालू द्यायची सेटिंग कायमची सैल करू नका.

त्या मशीनवर एकही प्रिंटर जोडलेला नसेल तर पेजसेटअपच्या ओळी १००४ ची त्रुटी देतात. खरा प्रिंटर येईपर्यंत विंडोजचा प्रिंट टू पीडीएफ डिफॉल्ट करून काम भागवता येतं. शेवटी पहिल्या टप्प्यातला कागदाचा आकार आणि डिफॉल्ट प्रिंटरचा पर्याय तिथेही बघून घ्या, कारण त्या दोन गोष्टी फाइलबरोबर जात नाहीत.

पुढच्या हंगामाला नवी फाइल करायची असेल तर हीच फाइल नव्या नावाने सेव्ह करा आणि पाचव्या ओळीपासून खालचा मजकूर डिलीट की दाबून पुसा. मूळ शीट काढून नवं घालू नका. आतलं नाव त्या शीटबरोबर जातं आणि मॅक्रोला 'यादीशीट' सापडत नाही.